फी भरून पटकथा स्पर्धेत उतरावं का? आणि निर्मात्याचं काम नेमकं कुठून सुरू होतं?

तिसरा अंक

इथे पटकथा लिहिणारे आणि लिहू पाहणारे बरेच जण आहेत. त्यांच्या खिशातले पैसे सध्या कुठे जातात याबद्दल बोलायचं आहे.

फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर खातं उघडलं की जगभरातल्या पटकथा स्पर्धांची रांग लागते. प्रत्येकीची फी डॉलरमध्ये. मुदत जवळ येईल तशी ती चढत जाते आणि लेखी अभिप्राय हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. चार-पाच ठिकाणी अभिप्रायासकट पाठवलं तर पंधरा-वीस हजार रुपये सहज जातात. पुण्यात खोली भाड्याने घेऊन, दिवसा नोकरी आणि रात्री लिखाण करणाऱ्या मुलामुलींसाठी ही रक्कम लहान नाही. वर्षाच्या शेवटी त्यांच्या हातात काय असतं? 'उपांत्य फेरी' असं लिहिलेलं, पानांच्या तोरणाचं एक चिन्ह. ते पोस्टरवर लावायचं, पण पोस्टर लावायला सिनेमाच नसतो.

फी घेण्याला माझा विरोध नाही. वाचणं हे कष्टाचं काम आहे, त्याचा मोबदला वाचणाऱ्याला मिळायलाच हवा. विरोध आहे तो स्पर्धा हीच सिनेमापर्यंत जाण्याची वाट आहे या समजाला. स्पर्धा निकाल देते, सिनेमा निर्माता उभा करतो. या दोन कामांमध्ये मोठं अंतर आहे आणि नव्या लेखकाला त्या अंतराबद्दल कुणी काही सांगत नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेतो. 'लापता लेडीज'. बिप्लब गोस्वामी यांची 'टू ब्राइड्स' ही पटकथा २०१८ मध्ये सिनेस्तानच्या पटकथा स्पर्धेत उपविजेती ठरली. पहिली आली नव्हती, हे लक्षात घ्या. परीक्षकांमध्ये आमिर खान, राजकुमार हिरानी, जुही चतुर्वेदी आणि अंजुम राजाबली होते. आमिर खान यांना ती गोष्ट आवडली, त्यांनी ती दिग्दर्शिका किरण राव यांना सुचवली. मूळ संहिता गंभीर वळणाची होती. किरण राव यांना त्यात विनोद आणि उपहास हवा होता, म्हणून स्नेहा देसाई आल्या आणि पटकथा-संवाद त्यांनी लिहिले. अतिरिक्त संवाद दिव्यनिधी शर्मा यांचे. सिनेमा पडद्यावर यायला मार्च २०२४ उजाडला.

म्हणजे स्पर्धेचा निकाल ते प्रदर्शन यांत पाच वर्षांहून जास्त काळ गेला आणि त्या काळातलं सगळं काम स्पर्धेबाहेरचं होतं. ही गोष्ट कुणाच्या हातात द्यायची, तिचा सूर कोणता, दुसरा लेखक आणायचा का, आणायचा तर कोणता, हे सगळे सर्जनशील निर्णय आहेत आणि ते निर्माते आणि दिग्दर्शक मिळून घेतात. या स्पर्धेचा उपयोग झाला तो एका कारणाने: ज्यांनी वाचलं त्यांच्यातच सिनेमा काढू शकणारा माणूस होता.

म्हणून कोणत्याही स्पर्धेचे पैसे भरण्याआधी मी एकच गोष्ट शोधायला सांगेन. शेवटच्या फेरीत वाचणार कोण, आणि त्यांच्यापैकी कुणी आजवर एखादा सिनेमा उभा केला आहे का? नावंच जाहीर नसतील तर पैसे खिशातच ठेवा.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. निर्मितीत काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहावं.

नवलाई

अगदी वेळेवर आलेला धागा. कोल्हापूरहून लिहितेय. पहिली पटकथा नुकतीच पूर्ण झाली आहे आणि याच विचारात आहे. सगळे म्हणतात निकोलला पाठव, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीची स्पर्धा आहे. पाठवू का?

दूरदेशी

@नवलाई, मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो, त्यामुळे याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

निकोल फेलोशिप १९८६ पासून दिली जाते आणि इथल्या स्पर्धांमध्ये तिचा मान सगळ्यात मोठा आहे, तो उगाच नाही. निवड झालेल्या लेखकाला ३५,००० डॉलर मिळतात, तेही एकरकमी बक्षीस म्हणून नव्हे. पुढच्या वर्षभरात नवी पटकथा लिहायची असते आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात. तुमच्या पटकथेवर अकॅडमी कोणताही हक्क सांगत नाही. पोर्टलंडच्या एका रेडिओ केंद्रात बातम्या देणारे माईक रिच १९९८ मध्ये निवडले गेले आणि त्यांच्या त्याच पटकथेवर २००० साली 'फाइंडिंग फॉरेस्टर' आला. असा इतिहास असल्यामुळे लोक आशेने फी भरत आले.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, इंग्रजीतच मूळ लिहिलेली पटकथा हवी, भाषांतर चालत नाही हा तिथला जुना नियम. तुम्ही मराठीत लिहिलं असेल तर विषय तिथेच संपतो. दोन, २०२५ पासून थेट अर्ज करायची जुनी पद्धत बंद झाली. आता विद्यापीठं, पटकथा कार्यशाळा यांच्यामार्फत शिफारस येते आणि बाकीच्यांना द ब्लॅक लिस्ट या पटकथांच्या संकेतस्थळावरून जावं लागतं. तेच वर्ष कव्हरफ्लाय हे पटकथा स्पर्धांचं संकेतस्थळही घेऊन गेलं. तिथल्या क्रमवारीत आपलं नाव वर यावं म्हणून लेखक वर्षानुवर्षं एकामागून एक स्पर्धांना फी भरत होते. ते व्यासपीठच बंद झालं आणि क्रमवारीही त्याच्याबरोबर गेली. स्पर्धांमधून साठवलेली पत किती तकलादू असते ते तेव्हा इथल्या पुष्कळांना कळलं.

आता आतलं. मी इथल्या एका स्पर्धेसाठी काही काळ पहिल्या फेरीचं वाचन केलं आहे. मोबदला पटकथेमागे ठरावीक, तोही थोडाच. म्हणजे जो वाचक एका पटकथेला तीन तास देईल त्याचं नुकसान, जो पाऊण तासात उरकेल त्याचं भागतं. वाचकांची वृत्ती वाईट नसते, बहुतेक जण स्वतः धडपडणारे लेखकच असतात. पण रचनाच अशी आहे की सावकाश वाचणाऱ्याला ती टिकू देत नाही.

एक पटकथा माझ्या मनातून जात नाही. महाराष्ट्रातलं गाव, इंग्रजीत लिहिलेली. त्यात तेराव्याच्या जेवणाचा प्रसंग होता. पंगत बसली आहे, थोरली सून वाढतेय, आणि धाकट्या दिराच्या पानापाशी आली की तिचा हात आखडतो. तूप वाढायचं राहून जातं. दीर पानाकडे बघतो, मग भिंतीवरच्या फोटोकडे बघतो आणि भात तसाच कालवतो. कुणी एक शब्द बोलत नाही, पण जमिनीच्या वाटणीचं सगळं भांडण त्या दीड पानात होतं. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या वाचकाने शेरा मारला: 'प्रसंगात संघर्ष नाही. पात्रं फक्त जेवतात.' मी भरपूर गुण दिले, त्याने कमी दिले, सरासरी निघाली आणि पटकथा पहिल्याच फेरीत बाहेर पडली. लेखकाला मात्र 'संवादांत अधिक तणाव आणा' एवढाच अभिप्राय गेला असणार, आणि त्याचेही त्याने पैसे भरले असणार.

तो शेरा वाचून त्याने तो प्रसंग बदलला असेल का, या विचाराने मला अजून त्रास होतो.

विंगेतून

दूरदेशी यांचा प्रतिसाद वाचून गलबललं. तूप न वाढणं हे आपल्याकडच्या कोणत्याही परीक्षकाला न सांगता कळलं असतं.

मी एकांकिकांमधून आले. स्पर्धा मला परक्या नाहीत आणि प्रवेश फीसुद्धा. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, सवाई आहे, लोकांकिका आहे. आपल्या नाटक-सिनेमातले कितीतरी लेखक या स्पर्धांनीच दिले. मग पटकथा स्पर्धांबद्दल एवढी शंका का? कारण एकांकिका स्पर्धेत संहिता कागदावर राहत नाही. ती भरत नाट्य मंदिरात उभी राहते. तुमचं वाक्य पडलं की पडलं, प्रेक्षक खुर्चीत चुळबुळायला लागतात आणि विंगेत उभं राहून ते तुम्हाला ऐकू येतं. परीक्षक समोर बसलेले असतात, त्यांची नावं माहीत असतात. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी कुणीच त्या दर्जाचं नाही म्हणून करंडक दिलाच नव्हता. त्या निर्णयावर केवढा वाद झाला! पण निर्णय कुणी दिला हे माहीत होतं, म्हणून वाद तरी घालता आला. निनावी वाचकाशी वाद कुणी घालायचा?

तालमीत दिग्दर्शक आणि नट मिळून संहिता घासून घेतात. सिनेमात ते काम पटकथेच्या टप्प्यावर कोण करतं? माझ्या मते चांगला निर्माता. पण तसे निर्माते मराठीत किती, हा प्रश्न आहेच.

उपनगरी

मी मुंबईत कार्यकारी निर्माती म्हणून काम करते. वर विचारलंय म्हणून लिहिते, जरा लांबेल.

आपल्याकडे निर्माता म्हटलं की पैसे लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मुहूर्ताला नारळ फोडणार, शेवटी पोस्टरवर हात जोडून उभा राहणार. असे निर्माते आहेत आणि त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पैसा लागतोच. पण ज्या माणसाबद्दल हा धागा आहे तो वेगळा. त्याने पटकथा लेखकाइतक्या वेळा वाचलेली असते. कुठल्या पानावर गोष्ट ढिली पडते हे त्याला ठाऊक असतं आणि ते खर्चाच्या कागदाशी कसं जुळतं हेही.

प्रत्यक्षातला एक प्रसंग सांगते, सिनेमाचं नाव देत नाही. पटकथेत मध्यंतराच्या आधी गावची जत्रा होती. पाळणे, तमाशाचा तंबू, कुस्तीचा फड, हजारभर माणसं. त्या गर्दीत नायिकेकडून वडिलांनी बैल विकून आणलेले पैसे हरवतात. लिहिलेलं सुरेख होतं, पण तीन रात्रींचं शूटिंग, सातशे ज्युनियर आर्टिस्ट आणि जनरेटर. आमच्या एकूण बजेटचा मोठा लचका तिथेच गेला असता. सोपा उपाय होता: 'जत्रा काढा, बाजार करा.' बाजारही कॅमेऱ्यात मावतो, खर्च निम्मा.

आमच्या निर्मातीने तसं म्हटलं नाही. तिने लेखकाला विचारलं, "हे पैसे गर्दीतच का हरवायला हवेत?" लेखक म्हणाला, गर्दीत ती एकटी पडते म्हणून. ती म्हणाली, "मग तिचं एकटेपण मला कुठे दिसतं? मला तर पाळणे दिसतात." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. लेखक घरी गेला आणि आठवड्याने नवीन प्रसंग घेऊन आला. जत्रा संपलेली आहे. पहाटेचे चार. पाळणेवाले नटबोल्ट सोडवताहेत, रेवड्यांचे कागद मैदानभर उडताहेत, आणि ती पोरगी विजेरी घेऊन त्या कागदांमध्ये पैशांची पुरचुंडी शोधतेय. एक पाळणेवाला तिला न विचारताच खाली वाकून शोधायला लागतो. एका रात्रीत, पंचवीस माणसांत ते शूट झालं आणि सिनेमातला लोकांच्या लक्षात राहिलेला प्रसंग तोच आहे.

निर्मातीने एक ओळ लिहिली नव्हती. त्या प्रसंगाचं श्रेय पूर्णपणे लेखकाचं. पण तिने तो प्रश्न विचारला नसता तर एक तर जत्रा कापली गेली असती, नाही तर सिनेमा कर्जात गेला असता. माझ्या दृष्टीने सर्जनशील निर्मिती ती हीच. कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवायचं, औषध लेखकाला शोधू द्यायचं. जे निर्माते स्वतःच औषध लिहून देतात ("इथे आयटम साँग टाका", "शेवटी हिरो मरू नये") त्यांनी लेखक कशाला घेतला हेच मला कळत नाही.

आणि हे स्पर्धेच्या अभिप्रायात होऊ शकत नाही. वाचकाला माझ्या पटकथेचं बजेट माहीत नाही, नट कोण मिळणार माहीत नाही, आणि त्याच्या शेऱ्याने सिनेमा बिघडला तर त्याचं काही जात नाही. आमच्या निर्मातीचं घर गहाण होतं. तिच्या प्रश्नाला वजन होतं ते त्यामुळे.

फुलस्टॉप

उपनगरी ताई, तुमच्या निर्मातीला मनापासून नमस्कार. माझ्या वाट्याला दुसराच प्रकार आला, तोही इथे नोंदवायला हवा, नाही तर नव्या लोकांचा समज होईल की स्पर्धा सोडा आणि निर्मात्याकडे जा, मग सगळं सुरळीत.

एका निर्मात्याला माझी गोष्ट आवडली. टोकन म्हणून छोटी रक्कम दिली, "करार नंतर करू, आधी स्क्रिप्ट लॉक होऊ दे." मग ड्राफ्टमागून ड्राफ्ट. एकदा नायकाचं वय वाढवा, कारण अमुक नट तयार आहे. मग तो नट गेला, वय परत कमी करा. मग कुणीतरी म्हणालं हॉरर चालतंय, तर वाड्यात काहीतरी दिसू द्या. प्रत्येक बदलासाठी मी रात्री जागलो, नवा पैसा एकही नाही. शेवटी नॅरेशनला, म्हणजे पटकथा वाचून दाखवायला, गेलो तेव्हा पहिल्या पानावर माझ्या नावाशेजारी त्यांचंही नाव सहलेखक म्हणून होतं, कारण म्हणे "आपण दोघांनी मिळून डेव्हलप केलंय." मी बाहेर पडलो. गोष्ट मात्र त्यांच्याकडेच अडकून बसली आहे असं वाटतं.

स्पर्धेने माझे काही हजार घेतले असते. इथे दोन वर्षं गेली.

पुराव्यानिशी

@फुलस्टॉप, वाचून वाईट वाटलं. पण 'अडकून बसली आहे' हे गृहीत धरू नका. मी वकिली करतो, कॉपीराइटची कामं पाहतो. तुमचे कागद पाहिल्याशिवाय तुमच्या प्रकरणावर बोलणार नाही, पण कायदा काय म्हणतो ते सगळ्यांसाठी लिहितो.

कॉपीराइट कायदा १९५७. कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. तोंडी बोलण्याने, टोकन घेतल्याने पटकथेचा हक्क दुसऱ्याचा होत नाही. लेखी करार झाला पण मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्याला हक्क दिले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, ते संपुष्टात येतात. 'करारात वेगळं काही' हे शब्द महत्त्वाचे, कारण बहुतेक छापील करारांत नेमकं ते वेगळं काही लिहिलेलंच असतं. म्हणून वाचायचं.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये लेखकांसाठी मोठी गोष्ट आली. सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून सिनेमातल्या तुमच्या लेखनाचा इतर प्रकारे वापर झाला तर रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. सही करून सोडला तरी तो करार तेवढ्यापुरता निरर्थक. प्रत्यक्षात पैसे हातात पडणं ही वेगळी लढाई आहे, पण हक्क आहे.

आता सहलेखनाबद्दल. कायद्यात सिनेमाचा कर्ता निर्माता आहे हे खरं. आणि निर्मात्याची व्याख्या कलम २ मध्ये काय केली आहे ते बघा: कलाकृती तयार करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. पण पटकथा ही स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिचा कर्ता म्हणजे लिहिणारा. सूचना देणं, विषय सुचवणं, बैठकीत चर्चा करणं यामुळे कुणी सहलेखक होत नाही. उपनगरी यांच्या निर्मातीने जत्रेबद्दल नेमका प्रश्न विचारला आणि श्रेय मागितलं नाही. कायद्याच्या नजरेतही ते बरोबरच आहे.

ज्याला सुचेल तो हे विचारतोच म्हणून आधीच सांगतो: नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. विषय, कथासूत्र कुणाचंच नसतं. तुम्ही ते कसं मांडलं, पात्रं, प्रसंगांची गुंफण, त्याला संरक्षण आहे. म्हणून एका ओळीची कल्पना घेऊन लोकांना सांगत फिरू नका. तपशिलवार सारांश लिहा, नोंदणी करा, मग तोंड उघडा.

तिसरा अंक

पुराव्यानिशी, अत्यंत मोलाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

नोंदणीच्या बाबतीत त्याच सिनेमाचं उदाहरण पुन्हा देतो. एप्रिल २०२५ मध्ये 'लापता लेडीज'ची गोष्ट एका अरबी लघुपटावरून उचलल्याचा आरोप झाला. तो लघुपट २०१९ चा. गोस्वामींनी उत्तर दिलं ते तारखांनी: स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सारांशाची नोंदणी जुलै २०१४, पूर्ण पटकथेची जून २०१८. त्या कागदांनी लेखकाचं नाव राखलं. सारांशाची नोंदणी तर स्पर्धेच्या कितीतरी आधी झालेली होती, हे विशेष.

फुलस्टॉप यांच्या अनुभवावर एवढंच म्हणेन की फुकट ड्राफ्ट करून घेणारा माणूस पुढाकारही घेत नाही आणि जबाबदारीही. मग वरच्या व्याख्येप्रमाणे त्याला निर्माता म्हणायचं कशाला? याच्या उलट 'कोर्ट' हा सिनेमा आठवा. चैतन्य ताम्हाणे ती पटकथा लिहीत होते त्या काळात निर्माते विवेक गोंबर यांनी त्यांना दरमहा मानधन दिलं. सिनेमाची संहिता हातात नसताना, लेखक-दिग्दर्शकाचा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा असताना. नंतर गोंबर त्यात बचाव पक्षाच्या वकिलाच्या भूमिकेत दिसले आणि 'द डिसायपल'ही त्यांनीच निर्माण केला. त्या सिनेमाला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळाला. लिहिण्याच्या काळाचे पैसे देणारा निर्माता, हा माझ्या मते मराठी सिनेमासाठी कोणत्याही स्पर्धेच्या बक्षिसापेक्षा मोठा प्रश्न आहे. आपण लेखकाला पटकथा 'झाल्यावर' पैसे देतो. ती होईपर्यंत त्याने जगायचं कसं?

दूरदेशी

+१. इथे अमेरिकेत लेखकांच्या संघटनेने अनेकदा संप करून मिळवलेल्या करारांमुळे ड्राफ्टगणिक पैसे ठरलेले असतात. तरीही 'एकदा जरा हात फिरवून द्या' म्हणत फुकट काम करून घेण्याची तक्रार इथले लेखकही करतातच. फक्त इथे बोट दाखवायला करारातलं कलम असतं.

उपनगरी

फुलस्टॉप, तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. या व्यवसायात राहून ते मला रोज दिसतं आणि रोज चीड येते. आम्ही पटकथेच्या करारात ड्राफ्टची संख्या लिहितो. ठरलेले ड्राफ्ट झाले की पुढच्या प्रत्येकाचे वेगळे पैसे. असं केलं की निर्मातासुद्धा शेरा देण्याआधी विचार करतो. नटाचं वय आज वाढव, उद्या कमी कर हा प्रकार आपोआप थांबतो, कारण प्रत्येक लहरीची किंमत त्यालाच मोजावी लागते.

विंगेतून

हे शेवटचं वाक्य सगळ्या लेखकांनी छापून भिंतीवर लावावं.

नवलाई

सगळ्यांचे मनापासून आभार. निकोलचा विषय संपला, माझी पटकथा मराठीतच आहे.

आपल्याकडचीच एक स्पर्धा पाहिली होती. फी फारशी नाही, बक्षीस मोठं. या चर्चेनंतर नियमावली शेवटपर्यंत वाचली. एकविसाव्या कलमात आहे: 'अंतिम फेरीत पोहोचलेल्या सर्व पटकथांवर आयोजकांचा दोन वर्षे प्रथम हक्क राहील आणि त्या काळात लेखकास पटकथा अन्यत्र देता येणार नाही.' बक्षीस एकाला. अडकणार मात्र अंतिम फेरीतले सगळे. परीक्षकांची नावं कुठेच नाहीत. मी अर्ज करत नाहीये.

आता विचारते, गोव्याच्या फिल्म बाजारबद्दल कुणी सांगेल का? तिथे निर्माते भेटतात असं ऐकलंय.

पुराव्यानिशी

@नवलाई, योग्य निर्णय. प्रथम हक्क हवा असेल तर त्याचे पैसे द्यावे लागतात, त्यालाच ऑप्शन करार म्हणतात. तुम्ही फी भरून तो हक्क फुकट देणार होतात.

उपनगरी

@नवलाई, फिल्म बाजार एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) २००७ मध्ये सुरू केला, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांतच गोव्यात भरतो. त्यांची पटकथा कार्यशाळाही आहे. 'द लंचबॉक्स' आणि 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' त्या कार्यशाळेतून गेलेल्या पटकथा आहेत. तिथे पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. अनुभवी लेखक एकेका पटकथेला घेऊन बसतात, पुढचा ड्राफ्ट लिहायला लावतात आणि मग निर्मात्यांसमोर उभं करतात. प्रवास, राहणं, नोंदणी धरून खर्च येतो, पण त्या खर्चात माणसं भेटतात. पैसे घालायचेच असतील तर मी तिथे घालेन.

जायचं झालं तर पूर्ण पटकथा हातात घेऊन फिरू नका, कुणी वाचत नाही. दोन पानांचा सारांश, आणि हा सिनेमा तुम्हालाच का करायचा आहे याचं अर्धं पान. कुठल्या निर्मात्याने कसले सिनेमे काढले ते आधी बघून जा. ज्याने गावाकडचे, कमी बजेटचे दोन सिनेमे तडीस नेलेत त्याच्यासमोर पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. आणि तो काही विचारायला लागला तर पटकथेचा बचाव करू नका, त्याचा प्रश्न लिहून घ्या. प्रश्न चांगला आहे की नाही ते घरी येऊन ठरवता येतं. चांगला प्रश्न विचारणाऱ्याला दुसऱ्यांदा भेटा, बाकीच्यांना सोडून द्या.

तुमच्या पटकथेचा विषय काय आहे?

नवलाई

इचलकरंजीतल्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या दोन बहिणी. माग विकायचा की नाही यावरून त्यांच्यात जे होतं ते.

उपनगरी

स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन सारांश नोंदवा. ते झालं की मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी वाचते. माझा पहिला प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: रात्रपाळीला दोघी मागांच्या आवाजात एकमेकींशी बोलतात कशा?